‘या आठवड्यात कळवा’

टोसन, मेरीलँड
रविवार, रात्री

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर आवाज नीट ऐकू येत नाही, लिहून पाठव, म्हणालात. म्हणून हे पत्र. नंदूला मोठ्या अक्षरात छापून द्यायला सांगितलंय.

आधी वाईट बातमी. तुमच्या शाळेच्या ऑफिसात चौकटीत लावलेलं लिंकनचं हेडमास्तरांना पत्र आठवतंय ना? ते लिंकनने लिहिल्याचा काही पुरावाच नाही. मूळ कागद नाही, त्याच्या दप्तरात नक्कल नाही. रागावू नका. निवृत्त होताना ती चौकट तुम्ही घरी आणलीत, ती राहू दे भिंतीवर. पत्र म्हणून ते चांगलंच आहे. पण त्याने न लिहिलेलं पत्र आपल्याकडे पोरांना तोंडपाठ, आणि लोकांनी त्याला खरोखर लिहिलेली पत्रं कोणाला ठाऊक नाहीत, ही गंमत आहे खरी.

त्याचं दप्तर थोरल्या मुलाने, रॉबर्टने, इथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिलं. अट घातली की माझ्या मृत्यूनंतर 21 वर्षं कोणी उघडायचं नाही. ते उघडलं 26 जुलै 1947 ला. आपलं स्वातंत्र्य अगदी तोंडावर आलं होतं तेव्हा! 2018 मध्ये लायब्ररीने या कागदांची चित्रं इंटरनेटवर टाकून लोकांना वाचून टंकायला बोलावलं. मीही थोडी पानं केली. तुम्ही मोडी वाचताना भिंग धरून बसायचात तसंच. हात न उचलता लिहिलेलं वळणदार इंग्रजी, एकेका शब्दावर दहा दहा मिनिटं जायची. आणि निघायचं काय, तर बहुतेक वेळा ‘मला पोस्टमास्तर करा’. नोकरी मागणाऱ्यांना तेव्हाही तोटा नव्हता.

लिंकनला आलेल्या पत्रांपैकी ग्रेस बेडेलची गोष्ट इथे पोराटोरांना माहीत असते. अकरा वर्षांची मुलगी. ऑक्टोबर 1860 मध्ये निवडणुकीला उभ्या असलेल्या लिंकनला तिने कळवलं की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी राखा, मग माझ्या उरलेल्या भावांनाही तुम्हाला मत द्यायला लावीन. त्याने चार दिवसांत उत्तर दिलं, आणि दाढीही राखली! पण हिनेच 1864 मध्ये पुन्हा पत्र लिहिलं होतं, ते थेट 2007 मध्ये सापडलं. वडिलांची मालमत्ता जवळजवळ सगळी बुडाली होती. वॉशिंग्टनला खजिन्यात नोटा कापायला मुली घेतात असं तिच्या कानावर आलं होतं, म्हणून काम मागत होती. त्याचं उत्तर कुठे सापडत नाही.

उत्तर कसं सापडणार? टपाल सचिव उघडत. त्यांतल्या जॉन हेने पुढे लिहून ठेवलंय की आलेल्या पन्नासांतलं एकही पत्र लिंकन वाचत नसे, आणि मी त्याच्या नावाने लिहिलेल्या उत्तरांवर न वाचताच सही करी. म्हणजे पत्र साहेबांच्या नावाचं आणि जातं कारकुनाकडे, हे जगभर सारखंच.

हॅना जॉन्सन नावाच्या बाईंनी 31 जुलै 1863 ला बफेलोहून लिहिलं. मुलगा 54 व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या पलटणीत. तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. हे सैनिक शत्रूच्या, म्हणजे बंड केलेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या, हाती लागले तर त्यांना गुलाम म्हणून विकतील, ही आईची धास्ती. मी शाळेत गेले नाही पण न्याय काय ते मला कळतं, असं म्हणून त्या राष्ट्राध्यक्षाला बजावतात की हे काम रेंगाळू देऊ नका, ताबडतोब करा. नेमका आदल्याच दिवशी लिंकनने तसा हुकूम काढला होता: आमच्या सैनिकाला गुलाम केलंत तर तुमचा कैदी सक्तमजुरीला लावू. बाईंना पत्र लिहिताना त्याची कल्पना नसावी.

पण मला झोप लागू दिली नाही ती ॲनी डेव्हिसने. तिचं गाव बेल एअर, माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. मी तिथे भाजी आणायला जाते. 25 ऑगस्ट 1864. चार-सहा ओळी, स्पेलिंग मनाचं. मला मोकळं व्हायचंय, खाडीपलीकडे माझ्या माणसांना भेटायला जायचंय, मालकीण सोडत नाही. आम्ही मोकळ्या झालो का, ते कळवा. याच आठवड्यात कळवा.

गुलाममुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा, म्हणजे दीड वर्ष उलटलेलं. पण तो फक्त बंड केलेल्या राज्यांना लागू होता, आणि मेरीलँड तर लिंकनच्याच बाजूला. म्हणून ॲनी गुलामच. पत्र सैन्याच्या काळ्या पलटणींच्या विभागात जाऊन फायलीला लागलं. उत्तर गेल्याची नोंद नाही. राज्याच्या नव्या घटनेने गुलामी संपली 1 नोव्हेंबरला, अडुसष्ट दिवसांनी. तीही अवघ्या 375 मतांनी मंजूर झाली होती. आपल्या ग्रामपंचायतीत याहून मोठ्या फरकाने पडलेत लोक.

अण्णा, तुम्ही ओट्यावर बसून गावाचे अर्ज लिहायचात. गायरानाकडेची म्हातारी आठवते? नवऱ्याच्या नावची जमीन तिच्या नावावर होत नव्हती. मी शेजारी पाटी घेऊन बसले होते. ती म्हणाली, ‘गुरुजी, ल्ह्या, या बाजारापत्तुर कळवा.’ तुम्ही लिहिलंत, ‘यथावकाश कळवावे, ही नम्र विनंती.’ मी तेव्हाच विचारलं होतं, बाजार का नाही लिहिला? तुम्ही म्हणालात, असं लिहायची पद्धत नसते. त्यानंतर किती तरी बाजारांच्या दिवशी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

तुम्हाला दोष देत नाही. तिचं म्हणणं कागदावर घ्यायला दुसरं होतं कोण? पण ॲनीला असे गुरुजी भेटले नाहीत, म्हणून तिचा आठवडा त्या कागदावर राहिला, हे मनातून जात नाही.

तुमच्या अर्जांच्या कार्बन कॉपी माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत होत्या. नंदू दिवाळीच्या साफसफाईला हात घालायच्या आत त्या खाली काढून ठेवा. रद्दीत देऊ नका. मी मार्चमध्ये येते आहे, तेव्हा बसून वाचू. त्या म्हातारीचं पुढे काय झालं, तेही सांगा.

आईला गुडघ्याचं तेल पाठवलंय, रोज लावायला सांगा. तिला नमस्कार, नंदूला आशीर्वाद.

तुमची,
सुमी