डायची बेरीज

न्यू जर्सी
रविवार, रात्र

ती. बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने तुमचे रिपोर्ट पाठवले. फोनवर मला रडू येतं आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते. शेजारच्या काकांची किडनी डायने, म्हणजे अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या एक्स-रेवर दिसाव्यात म्हणून टोचतात त्या औषधाने, बिघडली, तेव्हापासून तुम्ही अँजिओग्राफीला नाहीच म्हणताय. तुमची भीती खोटी नाही. पण ती मोजता येते, बाबा.

आमच्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात तिथे, पेशंटला टेबलावर घेण्याआधी किडनीच्या धोक्याचा हिशेब होतो. न्यूयॉर्कच्या हृदयरोगतज्ज्ञ रोक्साना मेहरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँजिओप्लास्टीच्या पेशंटवरून २००४ साली तो मांडला. २०२१ मध्ये नवा आला, पण जुना वहीवर करता येतो. तुम्ही बँकेत आयुष्यभर बेरजा तपासल्यात, हीही तपासा. वय पंचाहत्तरच्या वर, त्याचे ४ गुण. मधुमेहाचे ३. हिमॅटोक्रिट ३४, म्हणजे अंगात रक्त कमी, त्याचे ३. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी काम करू लागली की रक्तात वाढतं ते, तुमचं १.७, दीडच्या वर गेलं की ४. आणि डायच्या दर १०० मिलीला १. १०० मिली धरले तर झाले १५. त्या अभ्यासात ११ ते १५ गुणांच्या गटात साधारण चारांतल्या एकाचं क्रिएटिनिन वाढलं होतं. डायलिसिस लागलं ते शंभरात एकाला. आणखी १०० मिली डाय गेला की तुमचे १६ होतात, आणि तिथून पुढच्या गटात निम्म्याहून जास्त जणांना त्रास झाला होता.

वय काही कमी होत नाही. डाय मात्र कमी करता येतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा: आधी नुसती अँजिओग्राफी करून, स्टेंट लागलाच तर तो काही दिवसांनी टाकला तर चालेल का? घाई नसेल तर पुष्कळ डॉक्टर असं करतात. सलाईन किती द्यायचं तेही तेच ठरवतील. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर जास्त पाणी फुफ्फुसात साठतं. दादा किडनी वाचवायला ज्या अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्यांचं म्हणतोय, त्यांचा उपयोग होत नाही असं २०१८ च्या मोठ्या चाचणीत दिसलं. त्याला धावपळ करू नको म्हणावं.

गुडघ्यासाठी तुम्ही मेडिकलमधून परस्पर आणता ती डायक्लोफेनॅकची दुखण्यावरची गोळी डॉक्टरांपासून लपवू नका. ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करते, आणि त्यावर डाय म्हणजे दुहेरी मार. आजपासूनच बंद करा. मधुमेहाची मेटफॉर्मिन कधी थांबवायची तेही विचारून घ्या.

सगळ्यात जास्त काळजी मला नंतरची आहे. क्रिएटिनिन लगेच चढत नाही, एक-दोन दिवसांनी चढतं. तोवर डिस्चार्ज झालेला असतो, बरं वाटत असतं आणि तपासणी राहून जाते. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त तपासायचंच, आणि लघवी कमी वाटली तर त्याच दिवशी. वाढलं तरी बहुतेकांचं आठ-दहा दिवसांत उतरतं, पण ते कळायला हवं ना.

अँजिओग्राफीची तारीख ठरली की दादाला कळवायला सांगा. मी सुट्टी टाकून ठेवते. आईला नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
मनू