पट्टे कुठे गेले?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘आयरिसचे पट्टे गेले, रोप फसवं निघालं’ एवढंच लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकली आहेस. या फुलझाडाच्या जाती अनेक; त्यातलं तुझं कोणतं आयरिस, पानांवरचे पट्टे कसे गेले, एकदम की हळूहळू, कशाचाच पत्ता नाही. वैद्यासमोर बसून नुसतं ‘दुखतंय’ म्हणावं, तसं झालं हे. तरी अंदाजाने लिहितो.

सगळी पानं एकदमच हिरवी झाली असतील आणि रोप ओलसर जागेत असेल, तर ते पिवळ्या फुलांचं पाणथळ आयरिस असणार, आयरिस स्यूडॅकोरस. त्याच्या पट्टेरी जातीची पानं वसंतात फिकट पिवळ्या पट्ट्यांनी उजळतात आणि फुलं येऊन गेली की उन्हाळाभर हिरवी होत जातात. हा त्याचा स्वभावच आहे. पुढच्या वसंतात नवी पानं पुन्हा पट्टे घेऊनच येतील, तोवर खताचा मारा करू नकोस. आणि त्याला ओढ्या-तळ्याच्या काठी मोकळं सोडू नकोस; उत्तर अमेरिकेत त्याने पाणथळ जागा बळकावल्या आहेत. पाण्यातच लावायचं आणि पट्टेही हंगामभर हवेत, तर आयरिस लेव्हिगाटाची पट्टेरी जात बघ. निळी फुलं, पांढरे पट्टे.

पण बाकीचं रोप पट्टेरी आणि एखादाच पंखा (म्हणजे पंख्यासारखा पसरलेला पानांचा झुबका) पूर्ण हिरवा, असं असेल तर प्रकरण वेगळं. हे पट्टे म्हणजे दोन प्रकारच्या पेशी एकाच कोंबात शेजारी शेजारी नांदत असतात: एकीत हरितद्रव्य असतं, दुसरीत नसतं. कधी एखादा फुटवा निव्वळ हिरव्या पेशींचा निघतो. तो जास्त अन्न बनवतो, झपाट्याने वाढतो आणि बघता बघता पट्टेवाल्यांना दाबून टाकतो. दिसला की लगेच गड्ड्यासकट कापून काढ. मला पहिल्यांदा ते जिवावर आलं होतं. सगळ्यात धष्टपुष्ट फुटवाच आपण कापायचा! कधी उलटंही होतं, पंखा पांढराशुभ्र येतो. दिसतो सुंदर, पण पोटापुरतंही कमवत नाही. मूळ गड्ड्यापासून तोडलास तर जगणार नाही.

बी पेरून बघायचा विचार असेल तर सोड. मी पेरलं होतं, झाडून सगळी रोपं हिरवी निघाली. पट्टे हवेत तर गड्डे फोडूनच वाढवायचं. नावालाही भुलू नकोस. ‘आयरिस व्हेरिगाटा’ हे नाव वाचून मी एकदा हुरळून रोप मागवलं आणि पानं आली साधी हिरवी! १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने हे नाव ठेवलं ते त्या जातीच्या दुरंगी फुलांवरून: वर पिवळं, खाली तपकिरी-जांभळ्या रेघा. फुलं छान आहेत, तक्रार नाही, पण मला हवं होतं आयरिस पॅलिडा. त्याच्या पट्टेरी जाती दोन: एकीचे पट्टे लोण्यासारखे पिवळसर, दुसरीचे पांढरे. फुलं दोघींचीही फिकट निळी-जांभळी आणि सुवासिक. तरी फुलं दोन-तीन आठवड्यांची पाहुणी, पानं पुढे कित्येक महिने वाफा उजळत ठेवतात. म्हणून मी पिवळसर घेतली. ढगाळ दिवशीही तिच्यावर ऊन पडल्यासारखं वाटतं.

पॅलिडाची लागवड मात्र पाणथळवाल्याच्या अगदी उलट. गड्डा मातीत पुरायचा नाही. मुळ्या खाली, पाठ उघडी, तिच्यावर ऊन पडलं पाहिजे. दिवसाला सहा तास तरी ऊन आणि पाण्याचा चोख निचरा. मी पहिल्या वर्षी लाडाने खोल लावलं, वर ओंजळभर शेणखत घातलं. पानं पिवळी पडून बुडातून अलगद हातात आली आणि गड्ड्याला असा घाण वास, की अंगणात कुणी फिरकेना. सडका भाग चांगल्या गड्ड्यापर्यंत कापून टाकला, उरलेला तुकडा दोन दिवस सुकवला, मग उंचवट्यावर लावला. तो एकच तुकडा वाचला आणि आज सात पंखे आहेत. पट्टेरी रोप मुळात सावकाशच वाढतं, तेव्हा घाई नको. गर्दी झाली की तीन-चार वर्षांनी, फुलोरा संपल्यावर फोड आणि पानं निम्म्याने छाटून लाव. रस हाताला खाजवतो, हातमोजे घाल.

आता नीट बघून कळव: सगळी पानं हिरवी की एकच पंखा? आणि रोप ओल्यात आहे की कोरड्यात?

जाता जाता एक कबुली. तो कापलेला हिरवा फुटवा मला टाकवला नाही, खतखड्ड्यामागे खोचून दिला होता. यंदा त्याला पट्टेवाल्यांच्या आधी फुलं आली. दुप्पट.

तुझाच,
मातीत हात घातलेला मित्र