कळकाच्या बेटातले काटे काढू नका

महोदय,

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ म्हटले की चर्चा पश्चिम घाटाच्या २०११ च्या अहवालापाशीच अडते. सत्तरच्या दशकात, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना त्यांनी कर्नाटकात केलेला बांबूचा अभ्यास मात्र कोणी काढत नाही. बांबू लावणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यायला हवा.

त्या काळी तोडणी सोपी व्हावी, कळकाचे म्हणजे काटेरी बांबूचे बेट ‘स्वच्छ’ राहावे म्हणून बुडाशी माजलेले काटेरी फाटे साफ केले जात. पावसाळ्यात कंदातून फुटणाऱ्या लुसलुशीत कोंबांचे ते काटेच कुंपण. ते गेले की गुरे, साळिंदर, माकडे कोंब फस्त करतात. शेंडा खाल्लेला कोंब सरळ वाढत नाही, म्हणजे पुढच्या तोडीची काठीच गेली. गावकऱ्यांना हे ठाऊक होते. गाडगीळांनी ते जंगलात तपासून पाहिले.

आजही कळक तोडताना बुडाचे काटे राखावेत. तोड पावसाळा सोडून, तीन वर्षांपुढच्या काठ्यांचीच आणि जमिनीलगतच्या पेराच्या वर करावी. कोवळ्या काठ्यांना हात लावू नये. सरसकट तोडून बेट मोकळे करणारे ठेकेदार हे ऐकतील, अशी आशा फारशी नाही.

– एक वाचक, सावंतवाडी