ताई, ‘आकडा चांगला आहे’ एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत

स्लीप लॅबमधल्या आमच्या टेक्निशियन ताईंना,
सप्रेम नमस्कार.

घोरणं थांबलं, झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर (स्लीप अ‍ॅप्निया) मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राच्या पडद्यावर एएचआय, म्हणजे श्वास अडकण्याचा आकडा, 2 दिसतो, घरचे शांत झोपतात, आणि तरी दुपारी तीन वाजता डोळ्यांवर झापड येते. ही तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘वापरत राहा, सवय होईल’ एवढंच सांगून परत पाठवणं सोपं असतं. तुम्ही तसं कधी केलं नाहीत. श्वासनलिका उघडी ठेवणं हे एक काम आणि थकवा जाणं हे दुसरं, हे तुम्ही आम्हाला पटवलंत, आणि दुसऱ्या कामाचा पिच्छाही सोडला नाहीत. त्याबद्दल सीपॅप लावून झोपणाऱ्या आम्हा सगळ्यांकडून आणि आमच्या घरच्यांकडून मनापासून आभार. हे पत्र सर्वांसमोर लिहितो आहोत, कारण तुम्ही शिकवलेलं नव्याने यंत्र घेणाऱ्यांपर्यंतही पोचायला हवं.

तुमचा पहिला प्रश्न एएचआयचा नसतोच. ‘यंत्र किती तास चाललं, आणि तुम्ही किती तास झोपलात?’ असं तुम्ही विचारता. यंत्र हवा फेकल्याचे तास मोजतं. आपण झोपलो आहोत की छताकडे बघत पडलो आहोत, हे त्याला कळत नाही. एएचआय म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला. 5 च्या खाली तो ठीक, 30 च्या वर गेला की आजार तीव्र. पण ही सरासरी मास्क तोंडावर असतानाचीच असते. रात्री अकराला लावून तीनला काढून ठेवला, तर तीन ते सहामध्ये काय झालं याची नोंद कुठेच नाही. आणि नेमकी पहाटेच स्वप्नांची झोप जास्त असते. त्या झोपेत घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात आणि श्वास जास्त वेळ अडकतो. रिपोर्टवर 2, अंगात मरगळ: हे कोडं बऱ्याचदा इथेच सुटतं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या झोपेच्या संशोधक टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात माणसाला जाणवणारी पेंग साधारण 4 तासांच्या वापरापर्यंत कमी होत गेली, चाचणीत मोजलेली जागरूकता 6 तासांपर्यंत सुधारत गेली, आणि रोजची कामं नीट जमण्यासाठी मात्र साडेसात तासांपर्यंतचा वापर उपयोगी ठरला. म्हणून ‘चार तास झाले की पुरे’ ही समजूत तुम्ही खोडून काढता. आणि ज्यांना पाणी भरून, डबे करून सव्वासहाची लोकल गाठायची असते, त्यांना तुम्ही स्पष्ट सांगता की उत्तम दाबाखाली घेतलेली पाच तासांची झोपही पाच तासांचीच असते. यंत्र जास्तीची झोप देत नाही.

मग मास्क. यावर तुम्ही जितका वेळ देता तितका देणारं माणूस विरळाच. 1981 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा उपचार मांडला, तेव्हाचा मास्क सिलिकॉनने नाकाला चिकटवावा लागे. आज निवड भरपूर आहे, तरी घोडं अडतं ते बहुतेक वेळा मास्कपाशीच. बसून, आरशात बघून पट्टे आवळायचे नाहीत, ही तुमची पहिली शिकवण. आडवं व्हायचं, यंत्र सुरू करायचं, दाब आला की मास्क चेहऱ्यापासून जरा पुढे ओढून सोडायचा, म्हणजे कुशन हवेने फुगून चेहऱ्यावर नीट बसतं. मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, हवा निसटणार नाही इतपतच. पट्ट्याखाली बोट सहज जायला हवं. गळती दिसली की माणूस पट्टा आणखी आवळतो, कुशन चेपतं, त्याची कड दुमडते आणि गळती वाढते. वर नाकाच्या हाडावर लाल वळ. अशा वेळी आवळण्याऐवजी सगळं सैल करून पुन्हा पहिल्यापासून बसवायचं. रात्री डोक्याला खोबरेल तेल आणि चेहऱ्याला क्रीम लावायची आपली सवय मास्कच्या सिलिकॉनला मारक आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. तेलाने कुशन घसरतं आणि लवकर खराब होतं. झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवायचा, तेल लावायचंच तर सकाळी. कुशन रोज सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुवून सावलीत वाळवायचं. भरघोस मिशा असतील तर नाकावर बसणाऱ्या मास्कपेक्षा नाकपुड्यांत टेकणाऱ्या पिलोज बऱ्या. तोंड उघडं राहत असेल तर आधी नाक का बंद आहे ते बघायचं. सलाइनचा स्प्रे, किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने जलनेती. त्यानंतरही तोंड उघडत असेल तर नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क.

गळतीचा आकडा वाचायलाही तुम्हीच शिकवलंत. रेसमेड कंपनीच्या यंत्रावर तो मिनिटाला 24 लिटरच्या आत हवा. फिलिप्सच्या यंत्रावर मास्कच्या भोकांतून मुद्दाम बाहेर सोडलेली हवाही धरलेली असते, म्हणून आकडा मोठा दिसतो. दोन शेजाऱ्यांनी आपापले आकडे ताडून घाबरायचं कारण नाही.

ज्यांचा जीव मास्क लावताच घुसमटतो, त्यांना तुम्ही रात्रीची लढाई दिवसा लढायला लावता. संध्याकाळी टीव्ही बघताना नुसता मास्क पंधरा-वीस मिनिटं, ते जमलं की यंत्र सुरू करून, मग दुपारच्या डुलकीला, आणि मग रात्री. घुसमट होते म्हणून दाब कमी करून मागणाऱ्यांचं म्हणणं ऐकून घेऊन तुम्ही कित्येकदा उलटं सुचवलंत. रॅम्प, म्हणजे सुरुवातीला दाब हळूहळू चढवण्याची सोय, 4 सेंटीमीटरपासून (हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात) सुरू होत असेल तर बऱ्याच जणांना हवा पुरतच नाही, डॉक्टरांच्या संमतीने सुरुवात 6 च्या आसपास आणली की श्वास मोकळा होतो. गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलणारं ऑटो यंत्र 4 ते 20 असं सताड उघडं ठेवलं तर श्वास अडकायला लागल्यावर ते खालून चढत येतं, तोवर झोप मोडलेली असते. म्हणून काही आठवड्यांच्या नोंदी बघून डॉक्टर किमान दाब वर आणतात. पोट फुगणं, ढेकर येणं म्हणजे हवा गिळली जाते आहे. उच्छ्वासाच्या वेळी दाब 1 ते 3 ने उतरवणारी सोय तिथे मदत करते, पण ती लावल्यावर एएचआय पुन्हा तपासायचा, कारण दाब उतरल्याने काही जणांचा घसा पुन्हा मिटतो. आणि रिपोर्टमध्ये ‘सीए’ नावाच्या घटना वाढल्या असतील, तर स्वतः दाब वाढवण्याचा मोह आवरायचा. तिथे घसा बंद नसतो, मेंदूकडून श्वासाचा हुकूम येत नसतो, आणि दाब वाढवल्याने हे बिघडू शकतं. पुष्कळांत ते काही आठवड्यांत आपोआप निवळतं. निवळलं नाही तर डॉक्टरांकडे.

पाण्याबाबत तुम्ही कडक आहात, ते योग्यच. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणी, रोज नवं. आरओचं पाणी डिस्टिल्ड नव्हे आणि बॅटरीत घालायचं पाणी श्वासासाठी नव्हेच. टाकीत पांढरा थर धरला तर एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग पाणी. थंडीत किंवा एसीत नळीत पाणी साचून नाकावर थेंब येत असतील तर आर्द्रता एक पायरी खाली, नळीला कापडी आवरण आणि यंत्र गादीच्या पातळीखाली. वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरवर रात्र काढायची असेल तर ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी बंद करा, सगळ्यांत जास्त वीज तेच खातात.

हे सगळं नीट असूनही थकवा राहिला, तर तिथून पुढे तुम्ही आम्हाला जे दिलंत त्याबद्दलचे आभार सर्वांत मोठे आहेत. नुसतं बसल्यावर डोळा लागतो, की झोप येत नाही पण अंगात त्राण नाही, हे तुम्ही आधी वेगळं करून घेता. पहिल्यासाठी पेंग मोजणारा एपवर्थ तक्ता: आठ प्रसंग, प्रत्येकी 0 ते 3 गुण, बेरीज 10 च्या वर गेली तर पेंग जास्त. उपचाराआधीचा आणि आताचा तक्ता शेजारी ठेवून बघायचा. दुसऱ्यासाठी डॉक्टरांकडे टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, डी जीवनसत्त्व आणि साखर. हिमोग्लोबिन चांगलं असूनही फेरिटिन कमी असू शकतं, आणि मग रात्री पाय वळवळतात, झोप तुकड्यातुकड्यांनी होते. यंत्राच्या रिपोर्टवर यातलं काहीच उमटत नाही. शुद्ध शाकाहारी घरांत बी12 बघायचंच. गोळ्यांची पिशवी तुम्ही बरोबर आणायला सांगता: सर्दीची सेटिरिझिन, झोपेची क्लोनाझेपाम, काही रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या गोळ्या दिवसभर गुंगी ठेवू शकतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारून वेळ किंवा औषध बदलायचं. नैराश्य हेही थकव्याचं कारण असू शकतं, हे तुम्ही कुणालाही न अवघडवता विचारलंत. रोज पूर्ण रात्र वापर, गळती आटोक्यात, एएचआय 5 च्या आत, तपासण्या ठीक, आणि दोन-तीन महिन्यांनंतरही पेंग तशीच असेल, तर मास्क लावून लॅबमध्ये पुन्हा एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी डुलक्यांची चाचणी, म्हणजे दिवसा किती लवकर झोप लागते ते मोजणं. गरज पडली तर डॉक्टर मोडाफिनिलसारखं जागं ठेवणारं औषध देतात. ते सीपॅपच्या जोडीला असतं, मास्क काढून ठेवायचा परवाना नव्हे.

पेंग जाईपर्यंत रात्रीचं ड्रायव्हिंग आणि घाट दुसऱ्याकडे सोपवा, असं तुम्ही प्रत्येकाला बजावता, अगदी ज्यांचं पोट गाडीवर आहे त्यांनाही. त्यांच्या मालकांना लिहून देण्यासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी मिळवून देण्याची खटपटही तुम्हीच करता. ते तुमच्या कामात मोडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

तुमचे,
सीपॅप लावून झोपणारे आम्ही सगळे, आणि आमच्या घरचे