खालच्या काकू, तुझा डग्गा आणि तो काळा फोम

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास ना, की खालच्या काकू तुझ्या तबल्याच्या आवाजावरून परत वर येऊन बोलून गेल्या आणि आता तू आवाज अडवायला भिंतीवर लावायचा तो काळा खाचाखाचांचा फोम ऑनलाइन मागवतोयस. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून जास्त बोलता आलं नाही. तो फोम मागवू नकोस. जन्मभर फोम कापून पोट भरलंय मी, तरी सांगतोय मागवू नको म्हणून, यावरून काय ते समज.

कसंय, तुझी भानगड एक नाही, दोन आहेत आणि तू दोन्ही एकत्र करतोयस. खोलीत आवाज घुमणं वेगळं नि खोलीतून आवाज बाहेर जाणं वेगळं. भिंतीवरच्या फोमने घुमणं थोडं कमी होतं, पण बाहेर जायचा आवाज काही अडत नाही, कारण ज्यातून हवा आरपार जाते त्यातून आवाजही जातो. अडवायला वजन लागतं, म्हणजे वीट, काँक्रीट, पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट. अर्ध्या किलोच्या फोमने कोण अडणार?

आणि काकूंना तुझी ना धिं ना नाही रे ऐकू येत असं वाटतं मला, त्यांना डग्ग्याची घुमक येते. तबला-डग्गा चुंबळीवर, चुंबळ फरशीवर, फरशी स्लॅबला चिकटलेली, म्हणजे दणका हवेतून नाही तर थेट स्लॅबमधून खाली उतरतो. मिरजेत वाढलास, तंबोऱ्याचा भोपळा काय काम करतो ते तुला मी सांगायला नको. तुझी स्लॅब भोपळा झालीय आणि काकू त्या भोपळ्याच्या आत बसल्यात.

तर आधी बैठक कर. 19 एमएमचा प्लाय घे, साधारण 3 बाय 4 फूट, तू आणि जोडी दोन्ही त्याच्यावर मावले पाहिजेत. त्याखाली रिबाँडेड फोमचे तुकडे टाकायचे. रिबाँडेड म्हणजे ते रंगीबेरंगी ठिपक्यांचं, कापणीचा चुरा दाबून बनवतात, गाद्यांच्या खालच्या थराला असतं. दोन-तीन इंच जाड घ्यायचं, पण सलग शीट नको, चार कोपऱ्यांना चार नि मध्ये एक-दोन तुकडे. का, तर तू बसल्यावर ते थोडं दबलं पाहिजे. अजिबात दबलं नाही तर दणका तसाच खाली जाणार आणि पार चपटं झालं तरी तेच होणार, त्यामुळे तुकडे लहान-मोठे करून बघावं लागेल. साधा मऊ 32 डेन्सिटीचा टाकू नकोस, महिन्याभरात बसतो. प्लाय भिंतीला कुठेही टेकता कामा नये, चार बोटं जागा सोड. वर सतरंजी. याने आवाज बंद होईल असं मी म्हणत नाहीये, खर्ज थोडा जाणारच, पण दणका जाऊन नुसती गुणगुण राहील.

आता घुमण्याचं. खोलीच्या मध्ये उभा राहून जोरात एक टाळी वाजव. मागून ट्र्र्र असा आवाज आला तर समोरासमोरच्या उघड्या भिंती टाळी एकमेकींकडे फेकतायत. यावर एक किस्सा आहे, आमच्या धंद्यातला म्हणून लक्षात राहिलाय. 1895 साली अमेरिकेत हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये शब्द साडेपाच सेकंद घुमायचा, कोणाला काही कळायचं नाही. वॉलेस सॅबिन म्हणून एक तरुण प्राध्यापक होता, त्याला सांगितलं हे बघ म्हणून. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या सीटच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनचा पाइप वाजवायचा, आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, मग अजून गाद्या वाढवायच्या. त्यातूनच हिशोब निघाला की खोली किती मोठी आणि आत आवाज पिणारा माल किती यावर सगळं ठरतं. तुझी 10 बाय 12 ची खोली एकदम रिकामी असेल तर अडीच-तीन सेकंद घुमेल, आणि शंभरेक चौरस फूट जाड मऊ माल आत आला की अर्ध्या-पाऊण सेकंदावर येईल. विकतचाच हवा असं काही नाही!

म्हणजे काय कर, कपडे वाळत घालायचा फोल्डिंग स्टँड आहे ना तुझ्याकडे, तो पाठीमागे उभा कर आणि त्यावर आजीच्या दोन वाकळी टाक. भाड्याच्या घरात खिळे ठोकायला नको, डिपॉझिटवरून नंतर कटकट. स्टँड भिंतीला चिकटवू नकोस, चार-पाच इंच पुढे ठेव, मागे हवा राहिली की जाड आवाजही थोडा जास्त शोषला जातो. पडदे घेशील तर खिडकीच्या दुप्पट रुंदीचे घे, चुण्या पडल्या पाहिजेत. कुठलाही माल घ्यायच्या आधी तोंड लावून फुंकून बघ. श्वास पलीकडे गेला तर तो आवाज पितो, नाही गेला तर नाही, म्हणून थर्माकोल बाद. अंड्याचे ट्रे पण बाद, कागदाच्या पुठ्ठ्यात काय दम असणार, झुरळं मात्र होतात. आणि रियाजाआधी तू उदबत्ती लावतोस, फोम काय नि ट्रे काय, भुरकन पेटतात, आणि फोमचा धूर तर फार वाईट.

दाराखाली फट आहे ती बुजव, त्याचं ते दोन नळ्यांचं सील हार्डवेअरच्या दुकानात शे-दीडशेला मिळतं. अर्धा इंच फट म्हणजे दाराच्या एक टक्काही नाही, पण ती असेपर्यंत दार कितीही जाड असू दे, 20-22 डेसिबलच्या वर काही अडत नाही. स्लायडिंग खिडकीची केसाळ पट्टी झिजली असेल तर तीही बदलून घे.

एक मात्र यातलं काहीही विकत घ्यायच्या आधी कर. रूममेटला डग्ग्यावर बसव, येत नसला तरी चालेल, नुसता बडवू दे, आणि तू खाली काकूंच्या घरी जाऊन ऐक. कुठल्या खोलीत येतो, भिंतीतून येतो की छतातून, स्वतःच्या कानाने ऐक. मोबाईलवरचं डेसिबल ॲप दाखवून वाद घालू नकोस. वस्तीत दिवसा 55, रात्री 45 हा नियम आहे हे मलाही माहीत आहे, पण त्या मोजणीत खर्जाला वजनच कमी देतात, त्यामुळे आकडा लहान दिसतो आणि त्यांचं डोकं मात्र दुखतंच. त्या दुपारी कधी झोपतात तेही विचारून घे.

बैठकीचं माप इंचात पाठव, स्कर्टिंग धरून. प्लाय तिकडेच कापून घे, फोमचे तुकडे मी शनिवारच्या गाडीने पाठवतो. वाकळी आई देणार नाही म्हणतेय, तिच्याशी तूच बोल.

बाबा