वाचक सभासदांसाठी सूचना : ‘मिडलमार्च’

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ब्रिटिश कादंबरीच्या वाचनात आता जॉर्ज एलियट यांची ‘मिडलमार्च’ घेतली जाईल. मेरी ॲन एव्हान्स (1819–1880) यांनी हे पुरुषी टोपणनाव घेऊन लेखन केले. ही कादंबरी डिसेंबर 1871 पासून वर्षभरात आठ भागांत प्रसिद्ध झाली. पुढील बैठकीपूर्वी त्यांपैकी पहिले दोन भाग वाचून यावेत, ही विनंती.

कथा घडते ती 1832 च्या मतदान सुधारणा कायद्याआधीच्या काही वर्षांत, इंग्लंडच्या मध्यभागातील एका काल्पनिक गावात. आरंभीची प्रकरणे संथ वाटतील. तरीही पुस्तक खाली ठेवू नये, कारण उदात्त कार्याच्या ओढीने वयस्क आणि शुष्क अभ्यासक कॅसॉबनशी विवाह करणारी डोरोथिया आणि वैद्यकात नवे संशोधन करण्याची आकांक्षा बाळगून आलेला तरुण डॉक्टर लिडगेट यांच्या आयुष्यांत विवाह, पैसा आणि गावाचे मत किती खोलवर शिरतात, हे लेखिका ज्या सहानुभूतीने दाखवते, तशी सहानुभूती इतर कादंबऱ्यांत क्वचितच आढळते. कॅसॉबनसारख्या अप्रिय माणसाच्या मनातली भीतीही ती आपल्याला समजावून घ्यायला लावते. माझ्या मते तिचे मोठेपण इथेच आहे.

ज्यांना एवढा विस्तार सध्या झेपणार नाही, त्यांनी याच लेखिकेची 1861 मधील ‘सायलस मार्नर’ ही छोटी कादंबरी वाचावी आणि बैठकीस अवश्य यावे.