सुतारकाकांना, त्रिकोणाबद्दल

आदरणीय सुतारकाका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर "त्यात काय मोठा" म्हणून तुम्ही पुन्हा रंधा मारायला लागाल, म्हणून हे उघड पत्र. देवगडात नववीला मुलं असलेल्या बाकीच्या आयांनीही ते वाचावं, असा माझा डाव आहेच.

लेकीचं घोडं अडलं होतं ते एकाच रचनेपाशी. परिमिती 12 सेमी, पायालगतचे कोन 60 आणि 90 अंश, त्रिकोण काढा. एकाही बाजूची लांबी दिलेली नाही! पायऱ्या तिला तोंडपाठ होत्या: 12 सेमीची रेघ पफ, प पाशी 30 अंश, फ पाशी 45, किरण मिळतात तिथे अ, मग अप आणि अफ यांचे लंबदुभाजक, ते रेघेला छेदतात तिथे ब आणि क. पण कोन निम्मेच का, आणि हे दुभाजक मध्येच आले कुठून? ते मलाही सांगता येईना.

तुम्ही पडवीत खिडकीच्या झडपा बसवत होतात. वही पाहिलीत, पटाशी खाली ठेवलीत आणि चपट्या पेन्सिलीने फणसाच्या फळीवर आधी पुरा त्रिकोणच काढलात. "बाय, ह्यो झालो तुझो त्रिकोण. आता तेका उघड." ब पाशी बिजागरी आहे असं धरून डावी बाजू झडपेसारखी बाहेर उघडलीत आणि पायाच्या रेघेत निजवलीत. उजवी क पाशी तशीच. तिन्ही बाजू एका ओळीत आल्या, तीच ती 12 सेमी!

पुढचं तिनेच घडाघडा सांगितलं. बअ आणि निजवलेली बप एकच, म्हणून अबप समद्विभुज, त्याचे प आणि अ कोन सारखे. ब चा 60 अंशांचा कोन हा त्याचा बाह्यकोन, म्हणजे त्या दोघांची बेरीज; म्हणून प पाशी 30. आणि ब जर अ व प पासून सारख्याच अंतरावर, तर तो अप च्या लंबदुभाजकावर नसून जाईल कुठे? कच्ची आकृती आधी काढा असं शाळेतही सांगतात, पण वेळ वाचवायला मुलं नेमकी तीच गाळतात.

कंपासचा सैल स्क्रू तुम्ही पिळून दिलात, तेही लहान काम नव्हे. कंस काढताना पाय फाकायचा आणि दुभाजक तिरका जायचा.

मग ती कंपासनेच 20 अंश काढायला निघाली, तेव्हा तुम्ही "कोनमापक घे" म्हणालात. बरोबरच होतं. 60 अंशांचे तीन सारखे भाग नुसत्या कंपास-पट्टीने होत नाहीत, हे वांत्झेल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1837 मध्ये सिद्ध केलंय. तुम्हाला ते कसं ठाऊक, हे विचारायचं राहिलंच.

खिडकीचे राहिलेले पैसे घेऊन हे रविवारी येतील. ते मात्र नको म्हणू नका.

तुमची,
वरच्या वाडीतली वहिनी